पेणच्या मुलीला, इस्रायलमधल्या अश्दोदहून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. जीडीएचा, म्हणजे रुग्णसेवेचा, कोर्स झालाय, तेल अवीवजवळच्या एका आजींना सांभाळायचं काम जवळपास ठरलंय, पगाराचा आकडा ऐकून घरचे खूश आहेत. आणि तू विचारतेस, 'मावशी, ज्यू लोक बाहेरच्यांना बरोबरीने वागवतात का? त्यांच्यात जात असते का? त्यांचा धर्म काय सांगतो?' पगाराच्या आधी हे विचारणारी तू पहिलीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या ज्यूंपैकी. मूळ गाव रेवदंड्याकडचं, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातलं. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. मी 1994 मध्ये ठाण्याहून इथे आले. इथे ज्यूंना नागरिकत्व देणारा 1950 चा परतीचा कायदा आहे, त्यामुळे आल्या आल्या मी नागरिक झाले. तुझं तसं होणार नाही. तुझा व्हिसा कामाचा, साधारण 63 महिन्यांचा. त्या आजींना तुझी गरज असेल तर पुढे वाढतोही, पण इथलं नागरिक होण्याची वाट त्यातून निघत नाही. हे आईवडिलांना आजच सांगून टाक.

आता धर्माचं. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, परक्याला 'गेर' म्हटलंय. गेरला छळू नका, तो तुमच्यातलाच समजा, त्याच्यावर स्वतःसारखं प्रेम करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होतात, असं त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे. ही ताकीद तोरात 36 वेळा आली आहे, काहींच्या मते 46 वेळा, असं तालमूदमध्ये, म्हणजे तोरावरच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, म्हटलंय. माझे वडील म्हणायचे, इतक्यांदा बजावावं लागलं म्हणजे लोक ऐकत नसणारच.

पण खरी मेख पुढे आहे. गेर म्हणजे मुळात आपल्यात येऊन राहिलेला परका माणूस. पुढच्या रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ लावला, 'धर्मांतर करून ज्यू झालेला'. मग तुझ्यासारख्या न झालेल्यांचं काय? त्यांच्यासाठी वेगळे शब्द. काही मूळ नियम पाळून इथे राहणारा तो 'गेर तोशाव'. निव्वळ बाहेरचा तो 'नोखरी'. (आपल्या मराठी कानाला ते 'नोकरी' ऐकू येतं. मला सुरुवातीला तसंच वाटायचं, आणि फारसं चुकीचंही नव्हतं.) भावाकडून व्याज घेऊ नको, नोखरीकडून घेतलंस तर चालेल, असा नियमही त्याच तोरात आहे. म्हणजे एकाच पुस्तकात प्रेमही आहे आणि वेगळा हिशोबही.

मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ भागात, सांगितलंय की देवाने आधी एकच माणूस घडवला, का, तर 'माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा' असं कुणी कुणाला म्हणू नये. मला हे सगळ्यात आवडतं. तिथेच पुढे, एक जीव वाचवला त्याने सगळं जग वाचवलं, हे प्रसिद्ध वाक्य येतं. काही प्रतींत नुसतं 'एक जीव' आहे, काहींत 'इस्राएलचा एक जीव'. इथे वाद घालणारा प्रत्येकजण आपल्याला हवी ती प्रत उचलतो. दुसऱ्या धर्माच्या गरिबांनाही जेवू घालावं, त्यांच्या आजाऱ्यांना भेटावं, त्यांच्या मेलेल्यांना पुरावं, असंही तालमूद सांगतं, आणि कारण देतं शांततेचं, सलोख्याने राहता यावं म्हणून. चांगलंच आहे. पण हा कळवळा झाला, बरोबरी नव्हे. इथे तुला कळवळा भरपूर मिळेल. बरोबरी तुला कागदावरून मिळवावी लागेल, आणि पहिलं मिळालं म्हणून दुसरं मागायला लाजू नकोस.

जातीचं विचारलंस. तुझी जात इथे कुणाला कळणारही नाही. पण आम्ही इथे मोठ्या तोंडाने बोलावं असं नाही. कोकणात आमच्यातच 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' होते. ज्यांची आई बाहेरची असे त्यांच्या वंशाला काळा म्हणायचं, त्यांच्याशी सोयरीक नाही. माझी आजी ताट वेगळं ठेवायची गोष्ट अगदी सहज सांगायची, त्यात काही वावगं आहे हे तिच्या गावीही नव्हतं. कोचीनलाही तेच. तिथल्या 'परदेशी' नावाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, काही कुटुंबांना बरोबरीने बसू देत नसत, आणि अब्राहम बराक सालेम या वकिलाने त्याविरुद्ध गांधींच्या मार्गाने लढा दिला. म्हणजे तोरा घेऊन आम्ही हिंदुस्थानात राहिलो आणि शेजाऱ्यांकडून नको तेच शिकलो.

मग इथे आल्यावर तेच आमच्या वाट्याला आलं. 1951-52 मध्ये बेरशेबाकडच्या बेने इस्राएल लोकांनी, आम्हाला रंगावरून वागवतात, परत पाठवा, म्हणून तेल अवीवमध्ये ठाण मांडलं. शंभराच्या वर माणसं खरंच मुंबईला परतली, आणि त्यातले बरेच काही वर्षांनी पुन्हा इकडे यायला धडपडत होते. 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्राएलचं लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. शंका अशी की शतकानुशतकं ही माणसं रब्बींविना राहिली, यांचे काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? माझे मामा तेव्हा लग्नाचे होते. नोंदणीच्या टेबलावर त्यांना पणजीचं नाव विचारलं, आणि त्यांना ते येत नव्हतं. 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला रस्त्यावर बसली, प्रश्न क्नेसेतमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेला, सरकारने रब्बींना सुनावलं आणि आदेशातून बेने इस्राएल हे नाव निघालं. मामांचं लग्न त्यानंतर झालं.

हे तुला का सांगते? कारण तुझ्या घरी कुणी तिरकस बोललं तर ते 'ज्यू लोक असेच' म्हणून मनात ठेवू नकोस. आमच्याशीही तेच झालंय, आणि आम्हीही तेच केलंय.

रोजच्या जगण्याचं सांगते. घर धार्मिक असेल तर स्वयंपाकघरात दोन जोड भांडी असतील, मटणाची वेगळी, दुधाची वेगळी. पहिल्याच दिवशी कुठली कुठे ते विचारून घे, नाहीतर दह्याचा चमचा रश्शात गेला की घरात सुतक. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, दिवा लावायचा नसतो, आणि तुला 'लाव' म्हणून सांगताही येत नाही. मग सावता, म्हणजे आजी, नुसतंच म्हणेल, 'आज अंधार फार आहे गं.' समजून घ्यायचं. गंमत अशी, की शब्बाथच्या आज्ञेत नोकराने, बैलाने आणि दारातल्या परक्यानेही विसावा घ्यावा असं स्पष्ट लिहिलंय.

आमच्या शेजारी केरळची एक मेटापेलेत होती, म्हणजे तू जे काम करणार तेच करणारी. पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री त्या घरच्यांनी तिला आपल्यातच बसवलं. त्या रात्री वाचायच्या पोथीची, हग्गादाची, सुरुवातच अशी, 'भुकेला असेल त्याने यावं, जेवावं.' (आमच्याकडे 1846 ची मुंबईत छापलेली मराठी हग्गादा आहे, तिच्यातलं वाक्य मी तिला वाचून दाखवलं होतं.) सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मिसरच्या गुलामीवर गाणी झाली. आणि रात्री एक वाजता बावीस माणसांची भांडी तिने एकटीने घासली. त्यातलं कुणी वाईट नव्हतं. मुलगी म्हणाली, ती आमची घरचीच आहे ना! 'घरची' हा शब्द ऐकलास की सावध हो.

त्यापेक्षा दुसरी एक आज्ञा लक्षात ठेव. मजूर भाऊ असो की परका, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आजच्या कायद्यात पगार पुढच्या महिन्याच्या 9 तारखेच्या आत यायला लागतो. उशीर झाला तर गोड बोलून विचार, पण विचार. जादा तासांचं मात्र मनात धरू नकोस. घरात राहून सांभाळणाऱ्यांना जादा तासांचा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंय. 2013 मध्ये पुन्हा सुनावणी झाली, न्यायाधीशांत जेमतेम एका मताचा फरक पडला, निकाल तोच राहिला. मला तो निकाल पटत नाही. आठवड्याची सुट्टी मात्र हक्काची.

आणि एक. इस्रायलच्या 1948 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, स्त्री-पुरुष न बघता सगळ्या रहिवाशांना पूर्ण समान हक्क लिहिलेत. पाचातला एक नागरिक अरब आहे, त्यांना त्या वाक्याबद्दल विचारलंस तर बरंच ऐकायला मिळेल, इस्रायल हे ज्यूंचं राष्ट्र म्हणणाऱ्या 2018 च्या राष्ट्र-राज्य कायद्यानंतर तर जास्तच. दवाखान्यात तुला अरब नर्स, डॉक्टर भेटतील, त्यांच्याशी बोल. घरात हा विषय सावताच्या मुलांसमोर सुरुवातीला काढू नकोस, जोवर कोण कसं आहे कळत नाही.

करारात सुट्टीचा वार कोरा आहे म्हणालीस, तो सही करायच्या आधी भरून घे. शुक्रवार, शनिवार, रविवार यातला एक तुझ्या धर्माप्रमाणे मागता येतो. शनिवार घेऊ नकोस, बस बंद असतात, दिवसभर त्याच घरात बसशील आणि मग कामही तूच करशील. रविवार घे. सकाळच्या बसने अश्दोदला ये, जेवायलाच थांब. येताना आमसुलं आण, माझी संपत आलीत.