गुहागरजवळच्या जुन्या घराची कौलं काढून पत्रा घालावा का?

घर आजोबांच्या वेळचं, समुद्र हाकेच्या अंतरावर, गावी एकट्या काकी, तुम्ही मुंबईत. वांदरं दरवर्षी कौलं फोडतात, ती बदलायला वर चढणारा माणूस मिळत नाही आणि ठेकेदार म्हणतो, सगळं उतरवा, लाकडाऐवजी लोखंडी पाईप टाका, वर पत्रा मारा. एवढ्या माहितीवर सांगायचं तर पत्रा घाला, पण आधी लाकूड बघा.

कौलं सहसा म्हातारी होत नाहीत. शेवाळ धरलं म्हणून ती गेली असं नाही. एक उचलून टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर अजून बरीच वर्षं चालेल, बद्द वाजलं तर बाजूला. खराब होतात ते वासे, आणि तेही नेमके भिंतीवर टेकतात तिथे आणि वळचणीच्या टोकाला. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक वाशाच्या टोकाला दाबून बघा. बोटभर आत गेला तर तो वासा बदलायचा. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, आणि बहुतेक वासे धड असतील तर पाईपची गरजच नाही. एक मंगलोरी कौल दोन-सव्वादोन किलोचं, चौरस मीटरला 15 च्या आसपास लागतात, म्हणजे 30 किलोच्या वर वजन. 0.50 मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेला जेमतेम पाच किलो. ज्या लाकडाने कौलं पेलली ते पत्रा सहज पेलेल. रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्या, मात्र पत्र्याच्या हिशोबाने नव्या, जाड मारून घ्या.

पण हलकेपणा हीच पत्र्याची खोड आहे. मी दापोली तालुक्यातला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलारू घरांची कौलं जागोजागी उडाली, ती नंतर शोधून बसवता आली. पत्र्याची छपरं मात्र काही ठिकाणी पाइपासकट शेजारच्या वाडीत जाऊन पडली. पत्रा बऱ्याचदा रिपेला घट्ट असतो, वासा भिंतीला नसतो. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न हा विचारा की वासे भिंतीला कशाने बांधणार. लोखंडी पट्टी आणि बोल्ट हवेत, खिळे नकोत. वारा आधी कडा उचलतो, तेव्हा वळचणीला आणि आढ्याजवळ स्क्रू जवळजवळ मारायला लावा. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, म्हणजे पडवी गेली तरी घर राहील.

समुद्र इतका जवळ असेल तर साधा जस्ती पत्रा घेऊ नका, खारा वारा तो खाऊन टाकतो. ॲल्युमिनियम सगळ्यात टिकाऊ, पण महाग. नाहीतर जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला रंगीत पत्रा, एझेड 150 चा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम मुलामा. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासूनच्या अंतराची अट बारीक अक्षरात असते, ती दुकानातच वाचा.

आणि काम चालू असताना कुणीतरी घरचं माणूस तिथे उभं हवं. पत्रा कातरीने कापायचा. ग्राइंडरने मुलामा जळतो आणि गंज त्या कडेपासूनच सुरू होतो. स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित फुगला की थांबायचं, चेपून सपाट केला तर दोन-चार उन्हाळ्यांत तडकतो. संध्याकाळी खाली उतरण्याआधी वरचा सगळा लोखंडी कीस झाडून काढायचा, नाहीतर पहिल्या सरीतच पत्र्यावर तांबडे ठिपके. भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यात सिमेंट थापायची आपल्याकडे सवय आहे. ओलं सिमेंट हा मुलामा खातं, तिथे पत्र्याचीच पट्टी वाकवून बसवा. ॲल्युमिनियम घेतलंत तर साधे लोखंडी स्क्रू चालणार नाहीत, स्टेनलेस स्टीलचे घ्या.

उकाडा आणि आवाज, दोन्ही होणार. आषाढात पत्र्याखाली टीव्ही ऐकू येत नाही. माजघरावर लाकडी माळा असेल तर तो अजिबात काढू नका, ऊन आणि आवाज दोन्ही तोच अडवतो. आढ्यापाशी हवा जायला वाट ठेवा, नाहीतर पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो.

खिसा परवानगी देत असेल तर खाली पत्रा आणि त्यावर रिपा मारून जुनीच कौलं असं बरेच जण करतात. घर थंड राहतं, वांदराने कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही. पण वजन कमी होत नाही, उलट वाढतं, आणि फुटकी कौलं बदलायला माणूस लागतोच. वर चढायला माणूस मिळत नाही, हीच तुमची मूळ अडचण. माणूस मिळत असता तर मी कौलंच ठेवा म्हटलं असतं, वैशाखात परतून, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचून घेतली की झालं. काकींना एकटीने ते जमणार नाही.

काम होळीच्या आसपास काढा. मे महिन्यात सुतार आणि पत्रेवाले दोघेही भाव खातात, त्यात वळवाचा पाऊस आला तर उघड्या घरात सामान झाकायची पळापळ. उतरवलेली कौलं "मी घेऊन जातो" असं ठेकेदार सहज म्हणेल. देऊ नका. जुन्या चांगल्या कौलांना गिऱ्हाईक असतं, आणि गोठ्याला नाहीतर न्हाणीला थोडी लागतीलच. परसात भिंतीशी उभी रचून ठेवायला काकींना सांगा.