पाचव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त येतंय, दाताच्या डॉक्टरकडे जावं का?

ताई, ब्रश केला की थुंकीत रक्त दिसतं आणि सासूबाई म्हणतात बाळंत होईपर्यंत दाताला हात लावू द्यायचा नाही, असं तुम्ही लिहिलंय. तासगाव भागात मी नर्स म्हणून नोकरी केली, तिथे गरोदर बायकांकडून हे कायम ऐकलं. माझं सरळ मत आहे, जा आणि याच महिन्यात जा.

दिवस गेल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, हिरड्यांना रक्तपुरवठा जास्त होतो आणि एरवी चालून गेलं असतं एवढ्या किटणानेही हिरडी लालबुंद होऊन सुजते. रक्ताला घाबरून बायका तेवढ्या जागी ब्रश फिरवायचा सोडतात. मग हिरडीलगत पांढरा चिकट थर बसतो आणि रक्त आणखी वाढतं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून हळू फिरवा, दोन्ही वेळा. उलटी झाल्यावर मात्र लगेच नको. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

बाळाचं विचारलंत. हिरड्यांचा आजार हाडापर्यंत पोचलेल्या बायकांत ३७ आठवड्यांआधी बाळंतपण आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जास्त आढळतं. पण अमेरिकेत ८०० वर गरोदर बायकांचा अभ्यास २००६ साली छापून आला, त्यात हिरड्यांच्या उपचाराने लवकर बाळंत होणं कमी झालं नाही. हिरड्या सुधारल्या, उपचार सुरक्षित ठरले. नुसतं रक्त दिसलं म्हणून बाळाची धास्ती घेऊ नका.

मला जास्त खटकली ती तुमची सकाळची मशेरी. भाजलेली तंबाखूच ती! बोटाने हिरडीवर चोळली की निकोटिन रक्तात उतरतं, बाळापर्यंत जातं, बाळाचं वजन घटतं. घरात डबी असू दे, तुम्ही आजपासून बंद करा. अगदी कळकळीने सांगते.

सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, तिथे दाखवता येईल. कितवा आठवडा, बीपी, चालू गोळ्या हे आधी सांगा. जागेवरची भूल चालते, एक्स-रे लागला तर शिशाचा एप्रन घालतात. दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी किंवा डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) हे अँटिबायोटिक मनाने आणू नका. दोन दातांमध्ये लाल मऊ गाठ आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती बाळंतपणानंतर बसते, पण डॉक्टरांना दाखवा. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी निघा.