फौजी भाईंची फर्माईश आणि माइकवरचे स्टार

प्रश्न : नमस्कार काका, माझे आजोबा फौजेत होते, आता आमच्याकडेच असतात. ते सांगतात की रेडिओवर सिनेमातले हिरो-हिरोइन खास सैनिकांसाठी यायचे, गप्पा मारायचे, गाणी लावायचे. दादा म्हणतो ही आयडिया अमेरिकेची, तिकडे विनोदी नट बॉब होप वगैरे आधीपासून हेच करत होते. खरं कोणाचं? आणि हे आता ऐकायला मिळेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाळा, दोघांचंही खरं आहे. आजोबा म्हणतायत ती विशेष जयमाला. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली आणि त्यावर फौजी भाईंसाठी जयमाला लागायची, आठवडाभर सैनिकांच्या पत्रातल्या फर्माईशी, आणि शनिवारी माइक एखाद्या सिनेमातल्या माणसाकडे. नर्गिसपासून कितीतरी मोठी मंडळी त्या खुर्चीत बसून गेली.

दादाचा मुद्दा बॉब होपचा. त्याचा पेप्सोडेंट शो १९३८ पासून चालू होता (तिकडे शोला टूथपेस्टचं नाव, आपल्याकडे बिनाका गीतमालाला, पैसा जाहिरातवाल्याचा म्हटल्यावर नावही त्याचंच) आणि मे १९४१ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या मार्च फील्ड या हवाई तळावर जाऊन जवानांसमोर शो करून आला, मग युद्धभर तो तळ-तळ फिरतच राहिला. पण मला सगळ्यात आवडतो तो १९४२ चा, खास सैनिकांसाठीचा अमेरिकी रेडिओ कार्यक्रम, कमांड परफॉर्मन्स. हुकूम सैनिकाचा आणि तो पाळायचा स्टारनी, तेही एक पैसा न घेता! घरापासून हजारो मैल लांब असलेला पोरगा पत्र लिहायचा की मला अमुक ऐकायचंय. कोणाला तव्यावर चरचरणाऱ्या मांसाचा आवाज हवा होता, कोणाला नर्तिका-अभिनेत्री अ‍ॅन मिलरने फौजी बूट घालून केलेला टॅप डान्स. फेब्रुवारी १९४५ च्या एका भागात बिंग क्रॉस्बी, बॉब होप, फ्रँक सिनात्रा, ज्युडी गारलंड, हे तिकडचे बडे गायक-नट सगळे एका स्टेजवर होते, आज पैसे मोजून असा संच जमवून दाखवा. कार्यक्रम मोठ्या तबकड्यांवर रेकॉर्ड करून जगभरच्या तळांवर पाठवायचे, घरच्या श्रोत्यांसाठी तो नव्हताच.

म्हणून आपण कॉपी केली असं मात्र मी म्हणणार नाही. तिकडे ऑर्केस्ट्रा, विनोदी स्किट, समोर टाळ्या वाजवणारे लोक, सगळा थाट. आपल्याकडे एक माणूस, चार-पाच रेकॉर्डी आणि मधेमधे बोलणं, जणू बराकीत खाटेवर येऊन बसलाय आणि तुमच्याशीच बोलतोय. मला विचारशील तर हे जास्त जवळचं वाटतं. सारखं काय असेल तर ते पत्र, लांब बसलेल्या माणसाने लिहिलेलं आणि कोणीतरी मनावर घेतलेलं.

आमच्या कोपरीच्या चाळीत रेडिओ एकच, आमच्याकडे, भिंतीतल्या फळीवर, वर क्रोशाचं कव्हर, छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एरियलची जाळीची पट्टी. बटण फिरवलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती घरघर. शेजारच्या काकूंचा मुलगा सीमेवर होता, त्या रोज संध्याकाळी पदराला हात पुसत दारात उभ्या राहायच्या, आत या म्हटलं तरी यायच्या नाहीत, आणि नावं सुरू झाली की आम्हा पोरांना बोटानेच गप्प करायच्या. एकदा त्यांच्या मुलाचं नाव आलं. गाणं कुठलं लागलं ते आज मला आठवत नाही, काकूंनाही तेव्हा ऐकू गेलं नसेल, त्या नुसतं नावच पुटपुटत राहिल्या होत्या.

ऐकायचं म्हणशील तर अमेरिकेतले जुने शो इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट आहेत, कमांड परफॉर्मन्सचेही बरेच भाग मिळतील. विविध भारती आकाशवाणीच्या मोबाइल अ‍ॅपवर लागते, आजोबांच्या फोनमध्ये ते टाकून दे आणि आवाज मोठा ठेव. आणि लावण्याआधी त्यांना विचार, तुम्ही फर्माईश पाठवली होती का, कुठून पाठवली होती, कुठलं गाणं. मला कळव, पुढच्या अंकात छापू.