स्क्रीनवरचा ठिपका चमकतोय, पण पेशी आहे का?

चोपड्याच्या ताईंचा प्रश्न असा: वडिलांना मधुमेहासाठी शिरेतून स्टेम सेल देणार आहेत, "पेशींना चमकणारा रंग लावतो, स्वादुपिंडात गेलेल्या स्क्रीनवर दाखवतो" असं दवाखान्यात सांगितलंय. खरं मानावं का?

मी मूळचा रावेरचा. पुण्यात प्रयोगशाळेत उंदरांवर बरीच वर्षं हेच काम केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, रात्री लाइट गेली की मोबाइलच्या टॉर्चवर बोट दाबून बघा. बोट लालच दिसतं. निळा-हिरवा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं. म्हणून शरीरात ७०० ते ९०० नॅनोमीटर लहरलांबीच्या, म्हणजे लालच्या टोकाच्या नि त्यापलीकडच्या उजेडात चमकणारे रंग घेतात. इंडोसायनिन ग्रीन त्यातलाच. तरी एक-दोन सेंटिमीटरखाली सगळं धूसर. उंदरात भागतं, उंदीर केवढासा! तुमच्या वडिलांचं स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्यापाशी. शिवाय शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशी (स्टेम सेलचाच एक प्रकार) बहुतेक आधी फुप्फुसातच अडकतात.

खरी गोम पुढेच आहे. कानबाईच्या विसर्जनाला गुलाल खेळून आलेला माणूस घरात ज्याला शिवेल, तोही लाल होतो. पेशीला वरून लावलेल्या रंगाचं तसंच. पेशी मेली की मॅक्रोफेज, म्हणजे मेलेलं साफ करणाऱ्या शरीराच्याच पेशी, तिला खातात, रंग त्यांच्या पोटात जातो आणि ठिपका चमकतच राहतो. एकदा आम्ही दोन आठवडे असा ठिपका बघून खूश होतो. ऊतीचा काप काढून मायक्रोस्कोपखाली धरला, तर रंग सगळा मॅक्रोफेजमध्ये. त्या दिवशी कोणी चहालासुद्धा उठलं नाही.

यावर तोड काजव्याची. काजव्याला चमकवणारं ल्युसिफरेज नावाचं प्रथिन, त्याचं जनुक पेशीतच घालायचं आणि त्याला लागणारं रसायन, ल्युसिफेरिन, वरून टोचायचं. उजेडाला ऑक्सिजन आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) लागतं, म्हणून जिवंत पेशीच उजळते. ती विभागली तर जनुक पुढच्या पेशींतही जातं. वरचा रंग मात्र दर विभाजनाला निम्मा होतो. पण हा उजेड फार मंद, शिवाय जनुक बदललेली पेशी माणसाला देणं सोपं नाही. म्हणून हे काम उंदरांपुरतंच. माणसात खोलवर बघायला पेट स्कॅन नाहीतर एमआरआय.

दवाखान्याकडे सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणीचा नंबर मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मधुमेहासाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. नंबर मिळाला तर इथं टाका, मी बघून सांगतो. तोवर ॲडव्हान्स भरू नका.