हजार यार्डांची हौस आणि मोजके डॉलर

लांब पल्ल्याच्या नेमबाजीविषयी अमेरिकेतील मराठी वाचकांची जी पत्रे मला येतात, त्यांतील बहुतेकांत एकच गोंधळ असतो. हाती दीड-दोन हजार डॉलर असतात, दुकानदाराने किंवा एखाद्या व्हिडिओने कान भरलेले असतात आणि सारी चर्चा "कोणती रायफल?" या एका प्रश्नापाशी अडकलेली असते. निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देतो.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर ह्यूस्टनला आहे. ओळखपत्र दाखवून रायफल घेता येईल, असे मित्र सांगतो. घेऊ का?

उत्तर : मित्राच्या भरवशावर मुळीच घेऊ नका. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्या मनाईच्या अपवादांपैकी एक आहे. परंतु तो तुम्हाला लागू पडतो की नाही, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून त्याचे उत्तर लेखी घ्या. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. मात्र राज्याचे नियम त्यांनाही पाहावे लागतात.

प्रश्न : .३०८ विंचेस्टर घ्यावी की ६.५ क्रीडमूर?

उत्तर : कागदावर आणि लोखंडी पाटीवरच नेम धरायचा असेल तर ६.५ क्रीडमूर. १९५२ सालच्या .३०८ पेक्षा २००७ साली आलेल्या या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का कमी असतो आणि त्याची लांब, निमुळती गोळी वाऱ्याने कमी ढळते. नळी मात्र .३०८ च्या मानाने लवकर झिजते.

प्रश्न : कंपनी एक एमओए अचूकतेची हमी देते आणि तीन गोळ्यांचा नमुना-कागदही जोडते. विश्वास ठेवावा का?

उत्तर : एमओए (मिनिट ऑफ अँगल) हे कोनाचे माप आहे; एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर जेमतेम १.०५ इंच. तीन गोळ्या तेवढ्या जागेत पडल्या, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. त्याच रायफलीतून त्याच हाताने दहा गोळ्या झाडल्या तर गटाचा विस्तार सरासरीने दीडपटीहून थोडा अधिकच भरतो; हे साधे संख्याशास्त्र आहे, त्यात रायफलीचा दोष नाही. जमलेला कागद जोडायचा आणि न जमलेले टोपलीत टाकायचे, ही विक्रीची जुनी युक्ती आहे. रूगर अमेरिकन, सॅवेज ११०, फिनलंडची टिका टी-३एक्स, स्पेनची बर्गारा बी-१४ यांपैकी कोणतीही नवशिक्यापेक्षा अधिक अचूक आहे. दस्ता खांद्याला आणि गालाला कसा बसतो, चाप कसा सुटतो, हे रेंजवरच्या प्रशिक्षकासमोर पाहा आणि मग ठरवा.

प्रश्न : रायफलीवर हजार डॉलर खर्च झाल्यावर चारशे उरतात. तेवढ्यात एका कंपनीची २४ पट मोठे दाखवणारी दुर्बीण मिळते, दुसरीची १६ पटच. मोठे दाखवणारीच घ्यावी ना?

उत्तर : नाही, आणि हाच प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. 'किती पट' हा एवढाच आकडा गिऱ्हाइकाला चटकन कळतो, म्हणून तो खोक्यावर ठळक छापतात. लांब पल्ल्यावर दुर्बिणीचे पहिले काम मोजण्याचे असते, मोठे करून दाखवण्याचे त्यानंतर. १०० यार्डांवर झीरो केलेल्या, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घेतलेल्या, ६.५ क्रीडमूरला हजार यार्डांसाठी दुर्बिणीवरची उंची बदलणारी चकती सुमारे नऊ मिल (हेही कोनाचेच माप) फिरवावी लागते. तेथे एक मिल म्हणजे ३६ इंच. तेव्हा चकती पाच टक्के जरी खोटे बोलली तरी गोळी सोळा इंच चुकते, आणि लक्ष्य कितीही मोठे दिसले तरी ते चुकलेलेच असते. शिवाय तापलेल्या दुपारी जमिनीवरचे मृगजळ २४ पटीत असे उकळते की अनुभवी नेमबाज आपण होऊन पट खाली आणतात. रेटिकल (दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या खुणा) आणि चकत्या दोन्ही मिलमध्ये असाव्यात. रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमध्ये असावे, म्हणजे कोणत्याही पटीवर त्याच्या खुणांचे माप बदलत नाही.

दुर्बीण घेतल्यावर तिची परीक्षा घ्या. १०० यार्ड फितीने मोजा, उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखा, खालच्या बिंदूवर नेम धरून काही गोळ्या झाडा, मग चकती दहा मिल वर फिरवून त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा झाडा. दुसरा गट बरोबर ३६ इंच वर आणि रेघेवरच पडला पाहिजे, आणि चकती परत फिरवल्यावर तिसरा गट पहिल्यात मिसळला पाहिजे. ही परीक्षा दुकानाची परत घेण्याची मुदत संपण्याआधी करावी. "हिवाळा सरला की पाहू" म्हणणाऱ्यांची मुदत हिवाळ्यातच संपते. मी स्वतः पहिल्या वर्षी पाच शनिवार आणि दोनशेहून अधिक काडतुसे रायफलीला दोष देण्यात घालवली होती. शेवटी एका जुन्या गनस्मिथने पाना लावला, तेव्हा दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगचे दोन स्क्रू ढिले निघाले. म्हणून चारशेतले शंभर चांगल्या रिंग आणि त्यांच्याखालच्या २० एमओए उताराच्या बेससाठी बाजूला ठेवा, नाहीतर चकतीला वर जायला जागा उरत नाही. उरलेल्या तीनशेत नीट मोजणारी दुर्बीण मिळत नसेल, तर रायफलच दोन-तीनशेने स्वस्त घ्या.

प्रश्न : दुर्बीण घरी बसवावी का?

उत्तर : टॉर्क दाखवणारा पाना असेल तर उत्पादकाच्या मापाने बसवा. नसेल तर गनस्मिथकडे जा.

प्रश्न : जवळ हजार यार्डांची रेंज नाही आणि चांगले काडतूस दीड-दोन डॉलरला पडते. सराव कसा करावा?

उत्तर : .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाच्या रायफलीने, दोनशे यार्डांवर. तिची संथ गोळी वाऱ्याने इतकी ढळते की वारा वाचण्याची शिकवणी काही सेंटांत होते. तेवढ्या अंतराची परवानगी आहे का, हे रेंजच्या अधिकाऱ्याला आधी विचारा.

प्रश्न : स्वप्नील कुसाळेचे पदक पाहून आमच्या चौदा वर्षांच्या मुलाने दुर्बिणीची रायफल हवी असा हट्ट धरला आहे. भारतात कोणती घ्यावी? (कोल्हापूर)

उत्तर : कोणतीही नको. स्वप्नीलने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये, आणि त्या रायफलीवर दुर्बीण चालत नाही. बारीक भोकाच्या साइटमधून नेम धरावा लागतो. मुलाला एखाद्या क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलला घाला, पहिले वर्ष तिथलीच रायफल वापरू द्या, आणि .२२ व तिच्या परवान्याचा विषय प्रशिक्षकाने काढला तरच जिल्हा रायफल असोसिएशनकडे चौकशी करा.