टोटल लॉस ठरलेला पिकअप डोंगरवाटांसाठी पुन्हा उभा करताना

प्रश्न : पाटण तालुक्यात आमची डोंगरउतारावर शेती आहे. घाटात उलटलेला आणि विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेला एक पिकअप मी नोटरी करारनाम्यावर घेतला असून निम्मे पैसे दिले आहेत. आरसी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहे. दुसऱ्या गाडीचे इंजिन, लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवून तो शेतात व डोंगरवाटांवरच चालवायचा आहे. हमरस्त्यावर आणायचा नसेल तर कागदपत्रे लागत नाहीत, असे गॅरेजवाले म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ मध्ये नोंदणीविना वाहन चालवण्याची मनाई सार्वजनिक ठिकाणापुरती नसून ‘इतर कोणत्याही ठिकाणी’ही आहे. केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातील वापरासाठी खास बनवलेली वाहने व्याख्येतून वगळली आहेत. परंतु आपला पिकअप मुळात रस्त्यासाठीच बनलेला आहे आणि उघड्या शेताला बंदिस्त आवार म्हणणे कठीण आहे. शिवाय शेतापर्यंत जाणारी पाणंद लोकांच्या हक्काच्या वहिवाटीची असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तीही सार्वजनिक जागाच ठरते आणि तिथे कलम १४६ प्रमाणे निदान तृतीय पक्षाचा विमा हवाच.

खरा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे : या गाडीची नोंदणी आज जिवंत आहे का? टोटल लॉस हा मुख्यतः विम्याचा हिशेब आहे. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी त्यात धरली जाते, आणि तेवढ्याने नोंदणी आपोआप रद्द होत नाही. पण वाहन नष्ट किंवा कायमचे निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे कलम ५५ सांगते, आणि त्यानुसार नोंदणी रद्द झाली असेल तर आपल्या हाती सुट्या भागांचा ढीगच आहे, असे समजून किंमत ठरवावी. अशा वेळी दुसऱ्या सांगाड्यावर हा चासी नंबर जोडून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर त्या गॅरेजची पायरी चढू नये. तो थेट फौजदारी गुन्हा आहे. भंगाराचा हक्क दावा मिटवताना विमा कंपनीने स्वतःकडे घेतला होता की मालकाकडे ठेवला, हेही दाव्याच्या पत्रावरून पाहावे, कारण हक्कच नसलेल्याने केलेली विक्री नोटरीच्या शिक्क्याने पक्की होत नाही.

नोंदणी जिवंत असेल, तर कलम ५० प्रमाणे ती आपल्या नावावर करून घ्यावी. विक्रेता टाळाटाळ करीत असेल तर त्याला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल दाखवावा : गाडी कितीही हातांतून फिरली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतील मालकच जबाबदार धरला जातो. हे वाचून बहुतेक विक्रेते सहीला येतात.

आता बदलांविषयी. मोडलेले भाग मूळ स्वरूपात पुन्हा बसवणे ही दुरुस्ती आहे, मात्र गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलणारा रचनेतील फेरफार कलम ५२ खाली येतो, आणि नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडीची उंची वाढवणारे लिफ्ट किट आणि उत्पादकाने न दिलेल्या मापाचे टायर याच कात्रीत सापडतात. कलम १८२अ(४) नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. माझ्या मते मात्र खरी धास्ती दंडाची नसून, अपघातानंतर विमा कंपनी याच बदलांवर बोट ठेवून हात झटकण्याचा प्रयत्न करील, याची आहे. इंजिन त्याच बनावटीचे घ्यावे, त्याचे बिल व ते ज्या गाडीतून काढले तिचे कागद जपावेत आणि ते बसवण्यापूर्वी आरटीओची लेखी परवानगी घ्यावी. हौद्यात मित्रांना बसवून डोंगरावर जाऊ नये; मालवाहू गाडीतील फुकट्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आशा राणी प्रकरणातील निकालापासून ठरलेले आहे.

डोंगरवाट वनखात्याच्या राखीव जंगलातून जात असेल तर वाहन आपले असले तरी वाट आपली नसते. आपल्या भागाला कोयना अभयारण्य लागून असल्याने वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे.

उरलेले निम्मे पैसे मात्र गाडीच्या नोंदणीची सद्यःस्थिती, कर्जाचा बोजा आणि थकीत कर यांची माहिती आरटीओकडून हाती येईपर्यंत देऊ नयेत. एमएच-५० मालिकेची गाडी असेल तर कऱ्हाडच्या आरटीओ कार्यालयात आणि एमएच-११ असेल तर साताऱ्यात चौकशी करावी.