तो डबा कुठे गेला?

खुर्चीत बसायच्या आधीच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, आधी हे बघा, मग मी बोलते." फोटोत एक हॉल होता. एक सोफा, एक बुटकं टेबल, टेबलावर काही नाही. भिंती कोऱ्या. खिडकीच्या कट्ट्यावर एकच कुंडी, तीही मोजून मधोमध ठेवलेली. "यात माझं काय चुकलं, तेवढं सांगा. चार दिवस झाले, नवरा माझ्याशी बोलत नाहीये."

घर आवरण्यावरून भांडण झालं की सल्ला मागायला माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मला मोकळं घर हवंय, पण घरातल्यांना काही टाकवत नाही, मग मी कुठवर सोसायचं? नाहीतर याच्या अगदी उलटं. आमच्याकडे एकाला आवरायचं वेड लागलंय आणि आमच्या वस्तू एकेक करून गायब होतायत. या जोडप्याकडे दोन्ही तक्रारी एकाच छपराखाली होत्या. दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

गेलं वर्षभर ती घर रिकामं करत होती. आधी स्वतःचे कपडे, मग पुस्तकं, मग भांडी. कमी वस्तूंत राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ ती रोज रात्री बघायची. स्वतःचं संपल्यावर ती माळ्यावर चढली आणि तिथे तिला नवऱ्याचा एक पत्र्याचा डबा सापडला. गंजलेला, झाकण धड न बसणारा, आत स्क्रू आणि तारांचे तुकडे. गेल्या सहा वर्षांत तो कोणी उघडल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने तो भंगारात दिला. दोन आठवड्यांनी नवऱ्याने सहज विचारलं, "माळ्यावरचा डबा कुठे गेला गं?"

त्यानंतर तो बोलेनासा झाला.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी मनातून तिच्या बाजूने होते. फोटोतला हॉल मला आवडला होता. माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खणात वाळलेली पेनं, कशाच्या आहेत ते माहीत नसलेल्या किल्ल्या आणि दोन चष्म्यांच्या रिकाम्या पेट्या आहेत, त्यामुळे असेल कदाचित. मी तिला म्हटलं, वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही तिची यादी करा आणि नवऱ्यासमोर ठेवा, म्हणजे न विचारता टाकल्यासारखं होणार नाही. सल्ला ऐकायला शहाणपणाचा होता. पुढच्या भेटीला ती आली ती आणखी हिरमुसून. यादीत सत्तेचाळीस वस्तू होत्या, त्यातल्या एकेचाळीस नवऱ्याच्या. त्याने यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पलंगाखालच्या खणाला कुलूप लावलं.

वस्तू कुठल्या ठेवायच्या हा वाद मुळात नव्हताच, हे त्या कुलपाने मला समजावलं. या घरात ठरवणार कोण, यावर भांडण होतं. मी यादीच्या नावाखाली तिच्या हातात फक्त एक नवं हत्यार दिलं होतं.

तिसऱ्या भेटीला तो आला. शांत, थोडा अवघडलेला. मी डब्याबद्दल विचारलं तेव्हा "जाऊ द्या, स्क्रूच होते" म्हणाला. मी गप्प राहिले. मग तो एकेक वस्तू सांगायला लागला. पितळी स्क्रू, घड्याळाचा मोडका काटा, फ्यूजच्या तारेचं वेटोळं, रेडिओचं एक बटण. झाकणावर आतल्या बाजूने चिकटवलेली कागदाची पट्टी, तिच्यावर वडिलांच्या अक्षरात एकच शब्द, 'बारीकसारीक'. वडील घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करायचे. ते गेल्यावर घर वाटून झालं, सामान वाटून झालं, आणि याच्या वाट्याला त्यांच्या हस्ताक्षरातलं एवढंच आलं. "मी कधी उघडत नव्हतो, हे खरंय," तो म्हणाला. "पण तो वर आहे हे माहीत होतं."

ती शेजारच्याच खुर्चीत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्या पट्टीबद्दल तिला ठाऊक नव्हतं. तिने विचारलं नव्हतं, पण त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. ही दुसरी बाजूही मी तिथेच बोलून दाखवली. साठवणारी माणसं पुष्कळदा अशीच असतात. वस्तूचं मोल मनात ठेवतात आणि समोरच्याने ते ओळखावं अशी अपेक्षा धरतात.

तिने मग मला एक रास्त प्रश्न विचारला. भावना समजते, पण नऊ जुने चार्जर आणि बंद पडलेला पंखा यांत कसली आलीय भावना? तिथे मी तिला कपांचा प्रयोग सांगितला. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि केवढ्याला विकाल असं विचारलं. उरलेल्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? हातात मग येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास गेली. वस्तू 'माझी' झाली की तिचा भाव वाढतो, त्यासाठी आठवण वगैरे असावीच लागते असं नाही. तिला पंखा दिसला तो घेणाऱ्याच्या नजरेने, त्याला ठेवणाऱ्याच्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

"पण मॅडम, तो आजार तर नाही ना?" हे तिने त्याच्यासमोरच विचारलं. त्याचा चेहरा पडला. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून जरा थांबून लिहिते. वस्तू टाकताच न येण्याचा एक विकार खरोखर आहे. २०१३ मध्ये आलेल्या 'डीएसएम-५' या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. पण त्यात माळा भरलेला असणं पुरेसं नसतं. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, दारापर्यंत जायला वाट उरत नाही आणि टाकायचं नुसतं नाव काढलं तरी जीव घाबरा होतो, अशी अवस्था लागते. तिथे घरच्यांनी घाव घातल्यासारखं सगळं साफ करून उपयोग होत नाही, उलट माणूस जास्त घट्ट धरून बसतो. मनोविकारतज्ज्ञाकडे जावं लागतं.

यांच्यासाठी मी छायाचित्रांचा एक संच बाहेर काढला. रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक साधं साधन मांडलं. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांची प्रत्येकी नऊ छायाचित्रं, पहिलं नीटनेटकं, नववं छतापर्यंत भरलेलं. आपल्या घराशी जुळणारं निवडायचं. चार किंवा त्याच्या पुढचं निघालं तर लक्ष घालायची वेळ झाली असं मानतात. दोघांना वेगवेगळं बसवून, आवरायला काढण्याआधीचा हॉल आठवून निवडायला सांगितलं. तिने पाच निवडलं, त्याने दोन. मग तिच्याच मोबाइलमधून त्या वेळचा एक फोटो शोधून काढला, मुलीच्या वाढदिवसाचा. मी तो चित्रांशेजारी धरला. फार तर तीन होता. दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग तो हसला, आणि चार आठवड्यांत पहिल्यांदाच तीही.

इथे तिच्या बाजूनेही काही सांगायला हवं, नाहीतर या गोष्टीत ती खलनायिका ठरेल. ती लहानपणी दोन खोल्यांत सात माणसांत वाढली. ट्रंकेवर वही ठेवून अभ्यास केला. मोकळी जागा तिच्यासाठी चैन नव्हती, तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला श्वास होता. आणि "तुला उगाच वाटतं, पसाऱ्याने कोणाचं काय बिघडतं" असं नवरा म्हणाला तेव्हा मी त्याला थांबवलं. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० मध्ये नवरे आणि बायका मिळून साठ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रत्येकाने आपल्याच घरातून फिरत दिसेल त्याचं वर्णन करायचं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. पसाऱ्याने ताण येतो की ताणलेल्या माणसाला पसारा जास्त खुपतो, हे त्यावरून ठरत नाही. पण एकाच हॉलमध्ये बसून दोघांना वेगळं वाटू शकतं, एवढं नक्की ठरतं. माझा अंदाज असा, की ज्याला पसाऱ्यात काम दिसतं त्याला तो टोचतो.

तरीही एक गोष्ट मला खटकत होती. मी तिला विचारलं, एखादं कपाट रिकामं केल्यावर किती दिवस बरं वाटतं? ती म्हणाली, "दोन." आणि मग? "मग पुढचं कपाट." सांगताना तिची तीच दचकली.

खरी कलाटणी मुलीमुळे मिळाली, आणि तीही अचानक. शाळेतून निरोप आला की हिच्या दप्तराचं वजन फार होतंय. आईने दप्तर पलंगावर उलटं केलं. पुस्तकांच्या खालून मोडक्या रंगीत पेन्सिली, एक शिंपला, जुनी चित्रं घडी घालून घालून मऊ झालेली, एका हाताची बाहुली असं सगळं निघालं. नऊ वर्षांची ती मुलगी हे सगळं रोज शाळेत नेऊन परत आणत होती. घरी ठेवलं तर जाईल म्हणून.

तिने हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त म्हणाली, "तिने मला विचारलंसुद्धा नाही. मी टाकेनच हे तिने धरूनच चाललं होतं."

त्यानंतरचं काम मानाने सोपं होतं, कारण आता कोणाला जिंकायचं नव्हतं. किती वस्तू ठेवायच्या हा आकडा मी काढूच दिला नाही. अमुक वस्तूंत जगून दाखवण्याच्या स्पर्धा मला मुळातच पटत नाहीत. एकटा, धडधाकट, पुन्हा विकत घेण्याची ऐपत असलेला माणूस काहीही टाकू शकतो. आकड्याऐवजी आम्ही जागा ठरवली. ज्याची वस्तू, त्याचाच निर्णय, मग ती डोळ्यांना कितीही टोचो. हॉल आणि जेवणाचं टेबल सगळ्यांचं, म्हणून तिथे तिचा नियम, रात्री झोपताना मोकळं. एक मोठं कपाट पूर्ण नवऱ्याचं. आत काय आणि कसं, हे कोणी विचारायचं नाही, फक्त दार बंद झालं पाहिजे. मुलीला पलंगाखाली एक खोका. पलंगाखालच्या खणाचं कुलूप त्याने आपणहून काढलं.

सगळं काही जमलं नाही. शंका असलेल्या वस्तू तारीख घालून एका पेटीत सहा महिने ठेवायच्या, हा माझा लाडका उपाय. तिने ती पेटी तिसऱ्याच आठवड्यात उघडून अर्धी रिकामी केली. नशिबाने त्यात तिच्याच वस्तू होत्या. मुलीच्या जुन्या चित्रांचे फोटो काढून ठेवायचं मी सुचवलं होतं. आठवणीच्या वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं तर लोक त्या जास्त सहज देऊन टाकतात, असं २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. मुलीने फोटो काढू दिले आणि चित्रंही ठेवून घेतली. तिचा खोका, तिचा निर्णय.

चार्जरांचं मात्र गंमतशीर झालं. एका संध्याकाळी कोणी न सांगता त्याने सगळ्या वायरी जमिनीवर मांडल्या आणि मुलीला घेऊन एकेक लावून बघत बसला. कशालाच न लागणाऱ्या अकरा निघाल्या. त्या त्याने स्वतः ई-कचऱ्यात दिल्या. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून तिने हातातलं फडकं पिळून पिळून कोरडं केलं, असं तिनेच मला सांगितलं.

डबा परत मिळाला नाही. भंगारवाल्याकडे ती दोनदा जाऊन आली. याबद्दल तिने नवऱ्याची माफी मागितली आणि त्याने "असू दे" म्हटलं. ते 'असू दे' पूर्ण खरं नव्हतं, हे त्या दोघांना आणि मला कळलं. काही गोष्टी भरून निघत नाहीत.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. 'कपाटाचं दार बंद होत नाहीये.'

मी लिहिलं, 'मग?'

'त्याला एवढंच म्हटलं, दार बंद होत नाहीये. तो दोन तास कपाटासमोर बसला होता. संध्याकाळी एक पिशवी बाहेर गेली.'

थोड्या वेळाने पुढचा मेसेज आला. 'पिशवीत काय होतं ते मी बघितलं नाही.'